जखमी ऑस्कर चार दिवसांनी आडवा पडला: आधी पाणी, मग मीठ, औषध सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक. त्यात दहा इंची ऑस्कर मासा आणि एक मोठा सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा. रात्री लाइट बंद केल्यावर जोरात धडपड झाली आणि सकाळी ऑस्करच्या कपाळावरची आणि डाव्या कुशीवरची कातडी सोललेली दिसली. तुम्ही त्याच दिवशी टँक पूर्ण रिकामा केला, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला, नवं पाणी भरलं, निळं औषध टाकलं आणि हीटर 32 अंशांवर नेला. आज चौथा दिवस. जखमेवर कापसासारखं पांढरं आलंय, मासा तळाशी एका कुशीवर पडून आहे, कल्ले जोरजोरात हलतायत, खाणं बंद. आणि तुम्ही विचारताय की आता कोणतं औषध टाकू, आणि त्याला वेगळ्या टबात हलवू का?

आज कोणतंही नवं औषध टाकू नका. तुमचा मासा वाचण्याची शक्यता अजून चांगली आहे, पण त्याला सध्या औषधाची नाही, श्वास घेता येईल अशा पाण्याची गरज आहे.

असं का म्हणतो ते सांगतो. खरचटलेली जखम, कपाळावरची असली तरी, दहा इंची ऑस्करला चौथ्या दिवशी आडवं पाडत नाही. हे मासे चिवट असतात. आपापसात भांडून याहून वाईट सोलवटतात आणि चांगल्या पाण्यात दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. मासा आडवा पडतो आणि धापा टाकतो तेव्हा संशय कल्ल्यांवर आणि रक्तावर घ्यायचा, म्हणजेच पाण्यावर. तुमच्याकडे एकाच दिवशी चार गोष्टी घडल्या. स्पंज नळाखाली धुतला तेव्हा क्लोरीनने त्यातले अमोनिया (माशाच्या शरीरातून पाण्यात सुटणारं विष) पचवणारे जीवाणू बरेचसे मेले. जे उरले त्यांना निळ्या औषधाने, म्हणजे मेथिलीन ब्लूने, गाठलं. सगळं पाणी एकदम बदलल्यामुळे माशाला पीएच (पाण्याच्या आम्लतेचा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) आणि तापमान दोन्हींचा धक्का बसला. आणि 32 अंशांच्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो: 26 अंशांना लिटरमागे साधारण 8.1 मिलिग्रॅम, 32 अंशांना 7.3 च्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते. अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रव्य) टाकलं होतं की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल टाकलं, तर कल्ल्यांची आग झालेलीच आहे.

हे सगळं मी लक्षणांवरून बोलतोय. खात्री एकाच गोष्टीने होईल, ती म्हणजे अमोनियाची टेस्ट. थेंबांची किट घ्या. पट्ट्यांवर अशा प्रसंगी विसंबू नका. अमोनिया, नायट्राइट (जीवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आधी बनणारं, तेही विषारी) आणि पीएच हे तीन आकडे आजच हवेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य निघाले, तर माझा अंदाज बदलावा लागेल. मग क्लोरीनने जळलेले कल्ले, निळ्या औषधाचा जास्त डोस किंवा आपटल्यामुळे झालेली आतली इजा, या दिशेने बघावं लागेल. पण तेव्हाही पुढची पहिली पायरी तीच राहते, म्हणून टेस्ट किट येईपर्यंत थांबू नका.

अमोनियाचा आकडा वाचताना पीएच सोबत धरायचा. किट जो आकडा दाखवते तो एकूण अमोनियाचा. त्यातला विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. 25 अंशांना पीएच 7 असेल तर विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, पीएच 8 असेल तर पाच टक्क्यांच्या वर. तेच पाणी 32 अंशांवर नेलं तर साडेआठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हीटर वाढवून तुम्ही तोच अमोनिया दीडपट जहाल केलात. किटवर 1 (लिटरला 1 मिलिग्रॅम) दिसला आणि पीएच 8 असेल, तर ते माशासाठी गंभीर आहे. तोच 1 पीएच 6.5 ला तातडीचा नाही, पण पीएच वर गेला की लगेच होतो.

पुण्या-मुंबईच्या लोकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. धरणातलं पाणी मऊ असतं, त्यात पीएच सांभाळून धरणारे क्षार कमी. महिनोन्‌महिने नीट पाणी न बदललेल्या टँकमध्ये पीएच हळूहळू घसरत सहाच्या आसपास येतो. तिथे अमोनिया साचलेला असूनही निरुपद्रवी रूपात असतो आणि मासा त्यात तग धरून असतो. मग मासा आजारी दिसला म्हणून कुणीतरी घाईने अर्धं पाणी बदलतं, नळाचं पाणी साडेसात-आठ पीएचचं असतं, आणि तासाभरात साचलेला अमोनिया विषारी होतो. मासा मरतो आणि दोष पाणी बदलण्याला दिला जातो. म्हणून टँकचा आणि नळाचा, दोन्ही पीएच मोजायचे. फरक एकाच्या वर असेल तर एका वेळी 15 ते 20 टक्केच पाणी बदलायचं, दिवसातून दोनदा. तुम्ही सगळंच पाणी बदलून चार दिवस झालेत, त्यामुळे आता तुमच्या टँकमधलं पाणी नळाच्या जवळचंच असणार. म्हणून तुम्ही रोज 30 ते 40 टक्के बदलू शकता. मराठवाड्यात किंवा शहराबाहेर बोअरचं पाणी वापरणाऱ्यांचं गणित वेगळं असतं: पीएच टिकून राहतो, पण बोअरमधून आलेल्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून ते पिंपात काढून एक दिवस हवेचा पंप लावून मगच वापरायचं.

आज रात्रीचं काम या क्रमाने करा.

हीटर 32 वरून खाली आणा, पण एकदम नाही. चार-पाच तासांना एक अंश, 27 पर्यंत. आजार झाला की हीटर वाढवायचा ही सवय पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगातून आलेली आहे. तिथे त्या परजीवीचं चक्र गरम पाण्यात लवकर उरकतं आणि तो औषधाच्या तावडीत सापडतो. जखमेत तसं काही नसतं. उलट कापसासारखे दिसणारे काही जीवाणू गरम पाण्यात जास्त वेगाने पसरतात. हीटर उघडा असेल तर त्यावर जाळीची टोपी बसवा. आडवा पडलेला मासा हीटरला टेकून राहतो आणि भाजतो, आणि ते भाजणं लोकांना नवीन रोग वाटतो.

हवेचा पंप दुप्पट करा. एक एअरस्टोन (पंपाच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड) असेल तर दुसरा लावा, आणि फिल्टरचा पाइप असा वळवा की पृष्ठभागावर लाटा उठतील. प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागावरच्या हालचालीतून मिसळतो. बुडबुडे बारीक की मोठे याने फारसा फरक पडत नाही, पाणी खालून वर फिरतंय का ते महत्त्वाचं.

मग 30 टक्के पाणी बदला. तुमच्या टँकचं माप 9 घनफूट भरतं, म्हणजे 255 लिटर. वरची रिकामी जागा, खडे, दगड वजा केले तर खरं पाणी 210 लिटर धरा. सगळे डोस या 210 वर काढायचे. नवं पाणी 65 लिटर लागेल. ते टबमध्ये काढा, अँटीक्लोरीन टाका, आणि डिसेंबरात नळाचं पाणी गार असतं म्हणून स्टीलच्या पातेल्यात थोडं पाणी तापवून मिसळा. टबमधलं आणि टँकमधलं तापमान थर्मामीटरने मोजा, दोन अंशांच्या आत जुळलं पाहिजे. हाताने अंदाज घेऊ नका, थंडीत हात फसवतो. अँटीक्लोरीन म्हणून सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरत असाल तर 10 ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्या द्रावणातलं 1 मिलिलिटर दर लिटर नव्या पाण्याला घाला. 65 लिटरला 65 मिलिलिटर. नेहमीच्या नळाच्या पाण्याला हे पुरून उरतं. पावसाळ्यात गढूळपणामुळे पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर दीडपट घाला.

निळं औषध काढायला फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा. दोन-तीन दिवसांत पाणी बरंच स्वच्छ होईल. पुढे जेव्हा केव्हा औषध द्यायची वेळ येईल तेव्हा हा कार्बन आधी काढायचा, नाहीतर तो औषधही शोषून घेईल. मेथिलीन ब्लू वाईट नाही. अंड्यांसाठी आणि छोट्या टबातल्या अंघोळीसाठी ते उपयोगी आहे. चालू फिल्टर असलेल्या मुख्य टँकमध्ये मात्र ते टाकायचं नसतं.

सकर आजच वेगळा करा. याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. मोठा सकर रात्री, अशक्त आणि हलत नसलेल्या ऑस्करच्या चपट्या कुशीला चिकटतो आणि तिथला बुळबुळीत थर खरवडून खातो. जखम कुशीवर आहे, सकाळी ती आदल्या रात्रीपेक्षा मोठी दिसते, कडा गोलसर खरवडल्यासारख्या दिसतात, असं असेल तर गुन्हेगार हाच. त्याला टबात ठेवा किंवा दुकानात परत द्या. नदीत किंवा तलावात अजिबात सोडू नका. आपल्या देशातल्या अनेक पाणवठ्यांत हा परदेशी मासा सोडलेल्यांपासूनच पसरलाय.

टँकचा लाइट बंद ठेवा आणि तीन बाजूंना कापड लावा. घाबरलेला मासा पुन्हा आपटतो.

आता मीठ. जखमी माशासाठी मी सगळ्यात जास्त भरवसा मिठावर ठेवतो, कारण त्याचं काम स्पष्ट आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त लिटरला साधारण 9 ग्रॅम मिठाइतकं खारट असतं आणि बाहेरचं पाणी जवळपास अळणी. त्यामुळे पाणी सतत शरीरात शिरत असतं आणि मासा ते मूत्रावाटे बाहेर टाकत असतो. अखंड कातडी आणि तिच्यावरचा बुळबुळीत थर हे शिरणं रोखतो. कातडी सोलली की तेवढ्या जागेतून पाणी आत आणि क्षार बाहेर. मासा आपली ताकद जखम भरण्याऐवजी पाणी उपसण्यात घालवतो. बाहेरच्या पाण्यात थोडं मीठ असलं की हा ताण हलका होतो. शिवाय मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. तुमच्या टँकमध्ये अमोनियाच्या मागोमाग नायट्राइट येणारच आहे, म्हणून मिठाचा दुहेरी उपयोग.

प्रमाण लिटरला 2 ग्रॅम. 210 लिटरला 420 ग्रॅम. जाडं मीठ घ्या, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. चमच्याने मोजू नका, खड्यांच्या आकाराप्रमाणे चमच्यात मावणारं मीठ बदलतं. किचनच्या वजनकाट्यावर मोजा. तीन भाग करा, 140 ग्रॅमचे. एक भाग बादलीभर टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून, फिल्टरच्या प्रवाहाजवळ हळूहळू ओता. दुसरा भाग 12 तासांनी, तिसरा आणखी 12 तासांनी. खडे थेट टँकमध्ये टाकले तर ते माशाजवळ तळाशी विरघळतात आणि कातडी भाजते. मासा तळाशी पडलेला असताना तर हे टाळायलाच हवं. मीठ घातल्यावर मासा अस्वस्थ होऊन इकडेतिकडे धावला, तर पुढचा भाग थांबवा. तिसऱ्या दिवसापर्यंत ठीक वाटला आणि कापूस कमी होत नसेल तर लिटरला 3 ग्रॅमपर्यंत नेता येतं. त्याच्या वर लांब मुदतीसाठी मी नेत नाही. टँकमध्ये झाडं असतील तर ती आधी काढा.

इथे एक चूक फार होते. मीठ उडून जात नाही. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं तर साधं पाणी भरायचं, मीठ घालायचं नाही. पाणी काढून बदललं तर फक्त जेवढं नवं पाणी भरलं तेवढ्यापुरतंच मीठ: 65 लिटरला 130 ग्रॅम. रोज पाणी बदलताना पूर्ण टँकचा डोस घातला तर चार दिवसांत प्रमाण जवळपास तिप्पट होतं.

फिल्टर पुन्हा उभा करणं हे पुढच्या दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. ओळखीच्या कुणाकडे निरोगी, बरेच महिने चाललेला टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला थोडा मळका स्पंज किंवा सिरॅमिक रिंग्ज ओल्याच आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. ओल्याच, आणि तासाभरात. त्यांचा टँक खरंच निरोगी आहे ना, एवढी खात्री करा. हे मिळालं नाही तर शून्यापासून चार ते सहा आठवडे धरा, आणि तोवर अमोनिया रोज मोजून पाणी बदलत राहणं हाच उपाय. वीज गेली तर बॅटरीचा किंवा पॉवर बँकेवर चालणारा हवेचा पंप तयार ठेवा. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) काही तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं. वीज आल्यावर तो सरळ चालू न करता आधी आतलं पाणी ओतून द्यावं.

जखमेवरचं पांढरं नेमकं काय आहे, हे बघण्यासाठी लाइट मिनिटभर लावा आणि बाजूने टॉर्च धरा. बुरशी असेल तर धाग्यांचा झुबका दिसतो, पाण्याच्या हालचालीबरोबर डोलतो, रंग पांढरा किंवा करडा, आणि तो मेलेल्या कातडीला धरून राहतो. जीवाणूंचा कॉलमनॅरिस असेल तर थर चपटा, मळकट पिवळसर, कडेला लालसर रेघ, धागे उभे राहत नाहीत, आणि तो सकाळ-संध्याकाळमध्ये वाढलेला कळतो. तोंडाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसणं हेही त्याचंच लक्षण. तिसरी शक्यता साधी आहे: जखमेवर जमलेला चिकट स्राव आणि सुटत चाललेली कातडी, धुक्यासारखा पातळ पांढरा पडदा. त्याला काहीच करायचं नसतं. बुरशीला मीठ आणि स्वच्छ पाणी बहुधा पुरतं, तीन ते पाच दिवसांत झुबके गळू लागतात. कॉलमनॅरिसला मात्र बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतं, आणि तेव्हा पशुवैद्याला गाठणं एक दिवसही लांबवू नका.

जखमेवर थेट औषध लावावं का? बुरशीचा झुबका मोठा असेल, मीठ घालून तीन दिवस झाले तरी कमी होत नसेल, आणि मासा तोवर सरळ उभा राहून नीट श्वास घेऊ लागला असेल, तरच. आडव्या पडलेल्या, धापा टाकणाऱ्या माशाला पाण्याबाहेर काढलं तर उपचारानेच तो जाईल.

लावायचं ठरलं तर दोन माणसं हवीत. दहा लिटर टँकचं पाणी टबात घ्या, हवेच्या पंपाची नळी सोडा. शुद्ध लवंग तेलाचे चार थेंब छोट्या बाटलीत कोमट पाण्यात घालून पाणी दुधासारखं होईपर्यंत जोरात हलवा आणि टबात ओता. तेल तसंच टाकलं तर वर तरंगतं आणि काम करत नाही. पाच मिनिटांत मासा मंद झाला नाही तर आणखी चार थेंब असेच हलवून घाला. बाजारातल्या काही बाटल्यांत लवंग तेल दुसऱ्या तेलात मिसळलेलं असतं, त्यामुळे लेबल वाचून घ्या. मासा कलला, पकडला तरी झटका देत नाही, पण कल्ले नियमित हलतायत, ही योग्य वेळ. कल्ले थांबत आले तर लगेच स्वच्छ पाण्यात हलवा. आधीच भिजवून ठेवलेल्या मऊ टॉवेलवर त्याला घ्या, डोळ्यांवर ओलं कापड टाका. टँकमधून काढताना जाळं वापरू नका. ऑस्करच्या परांचे काटे जाळ्यात अडकतात आणि सोडवताना पर फाटतात. मोठी जाड पॉलिथीन पिशवी पाण्यात उघडून मासा पाण्यासकट उचलायचा.

दहा टक्के पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण एकास नऊ भाग पाण्यात पातळ करून कापसाच्या काडीने फक्त जखमेवर टेकवा, घासू नका. सुटलेला झुबका काडीला येईल तेवढाच येऊ द्या, चिकटलेलं ओढू नका. औषध कल्ल्यांकडे ओघळता कामा नये. कुशीवरच्या जखमेसाठी डोकं शेपटीपेक्षा थोडं वर, कपाळावरच्या जखमेसाठी डोकं थोडं खाली. डोळ्याजवळ नको. दहा-पंधरा सेकंद थांबा, टँकचं पाणी चमच्याने कल्ल्यांच्या उलट दिशेला सोडून धुवा आणि मासा परत पाण्यात. पाण्याबाहेर एकूण एक मिनिट. मग एअरस्टोनजवळ, पोटाखाली हात देऊन, तो स्वतः तोल सांभाळेपर्यंत धरा. हातावर जखम असेल तर हातमोजे घाला. माशांकडून माणसाच्या कातडीत येणारे काही जीवाणू महिनोन्‌महिने त्रास देतात.

वेगळ्या टबाचा प्रश्नही तुम्ही विचारलाय. तुमच्या बाबतीत ऑस्कर मुख्य टँकमध्येच राहू द्या आणि सकर बाहेर काढा. मोठ्या पाण्यात अमोनिया सावकाश वाढतो आणि हलवण्याचा ताणही वाचतो. दुसरा मारकुटा मासा असता किंवा अँटिबायोटिक द्यायचं असतं, तर निदान 100 ते 150 लिटरचा खाण्याच्या दर्जाच्या प्लॅस्टिकचा टब, स्पंज फिल्टर, जाळीच्या टोपीचा हीटर आणि वजन ठेवलेलं झाकण, एवढी तयारी लागली असती. दहा इंची मासा वीस लिटरच्या बादलीत ‘उपचारासाठी’ ठेवला, तर एका रात्रीत तो स्वतःच्याच अमोनियात बुडतो.

आता तुम्हाला येणारे बाकीचे सल्ले. हळद टाकू नका: पाणी गढूळ होतं, कल्ल्यांवर कण बसतात, आणि जखमेला टेकते ती नगण्य. तुरटीने पीएच कोसळतो. पोटॅशियम परमँगनेट अनुभवी हातात चांगलं आहे, पण डोस लिटरला 2 मिलिग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला फक्त 0.2 ग्रॅम. घरातल्या काट्यावर ते मोजताच येत नाही, आणि जास्त झालं तर कल्ले जळतात. माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकणं सगळ्यात वाईट. टेट्रासायक्लिन गटातली औषधं जड पाण्यातल्या कॅल्शियमला बांधली जातात आणि निरुपयोगी होतात, उरलासुरला फिल्टर मरतो, आणि अर्धवट डोसाने चिवट जीवाणू तयार होतात. देशी बदामाची वाळून गळलेली पानं मात्र हरकत नाही. कीटकनाशक न मारलेल्या झाडाखालची, धुऊन, शंभर लिटरला दोन-तीन. पाणी चहासारखं होतं आणि मासा शांत राहतो. त्यांच्याकडून जखम भरण्याची अपेक्षा ठेवू नका.

खाण्याची काळजी तुम्हाला सगळ्यात जास्त वाटतेय असं दिसतं. ती आत्ता सोडा. दहा इंची, अंगाने भरलेला ऑस्कर दहा-बारा दिवस न खाता सहज राहतो, आणि उपाशी मासा अमोनियाही कमी सोडतो. अमोनिया शून्याजवळ येईपर्यंत काहीच टाकू नका. मग सोललेल्या कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा किंवा धुतलेलं एक गांडूळ चिमट्याने त्याच्यासमोर धरा. दहा मिनिटांत घेतलं नाही तर बाहेर काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. तोंडात घेऊन थुंकला तरी ते चांगलं लक्षण समजा. खायला लागला की आठवडाभर थोडं थोडं, मग नेहमीच्या गोळ्या. चिकनचे तुकडे आणि बाजारातले जिवंत छोटे मासे देऊ नका. पहिल्याची चरबी त्याला पचत नाही, दुसऱ्याबरोबर परजीवी येतात.

सुधारणा कशी ओळखायची? सर्वात आधी श्वास. लाइट बंद असताना, लांबून, एका मिनिटात कल्ले किती वेळा उघडतात ते मोजा आणि वेळेसकट लिहून ठेवा. पाणी खरंच सुधारत असेल तर 48 तासांत हा आकडा उतरायला लागतो. मग मासा सरळ होतो, मग काचेजवळ येतो. जखम सगळ्यात शेवटी बदलते: कडा स्वच्छ होतात, झुबके गळतात, खालची कातडी गुलाबीसर आणि गुळगुळीत दिसते. पुढे तिथे काळपट रंग चढतो. तो पाहून बरेच जण घाबरतात, पण तो भरत आलेल्या जखमेचा रंग आहे, हळूहळू फिका पडतो. खवले यायला कित्येक आठवडे लागतात. जखम पूर्ण बंद झाली की मीठ वेगळं काढायची गरज नाही, पुढची पाणी-बदली बिनमिठाची करत गेलं की ते आपोआप उतरतं.

उलट दिशेची लक्षणंही माहीत हवीत. लालसर कडांची जखम खोल होत जाणं, पोट फुगून खवले सगळीकडून उभे राहणं, दोन्ही डोळे बाहेर येणं, पाणी स्वच्छ असूनही तीन दिवसांत श्वासात फरक न पडणं. यातलं काहीही दिसलं तर माशांचे आजार हाताळणारा पशुवैद्य शोधा. जवळ कोणी मिळत नसेल तर वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था किंवा नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयांत विचारून बघा; माशांच्या रोगांचा अभ्यास असलेली माणसं तिथे असतात. खवले उभे राहिलेला मोठा मासा क्वचितच परततो. तो नुसता हाल सोसत असेल तर फ्रीजरमध्ये ठेवू नका, जिवंत टाकूनही देऊ नका. लवंग तेलाचा मोठा डोस, लिटरला दहा थेंब, वर सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात हलवून, आणि कल्ले पूर्ण थांबल्यावरही निदान अर्धा तास तसंच ठेवणं, हा त्यातल्या त्यात कमी त्रासाचा मार्ग. तुमचा मासा त्या टप्प्याच्या जवळही नाही.

धडपड पुन्हा होऊ नये म्हणून एक छोटा बदल करा. टँकचा लाइट बंद करायच्या वेळी खोलीतला लाइट दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या, आणि सकाळी उलट क्रमाने. लख्ख उजेडातून एकदम काळोख झाला की मोठे मासे बिथरून झाकणावर, दगडावर आपटतात. टोकदार दगड काढाच. दहा इंची ऑस्करला वळायला लागणारी जागा दीड फुटात जेमतेम मिळते, त्यात दगड म्हणजे जखमेला आमंत्रण.

उद्या सकाळी पाणी बदलण्याआधी आणि बदलल्यावर दोन तासांनी, अशा दोन वेळी अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि तापमान मोजा. सोबत श्वासाचा आकडा, जखमेचा बाजूने टॉर्च धरून काढलेला फोटो, आणि निळं औषध एकूण किती मिलिलिटर टाकलं होतं व अँटीक्लोरीन वापरलं होतं का, हे कळवा. त्यावरून मीठ 3 ग्रॅमपर्यंत न्यायचं की 2 वरच थांबायचं ते ठरवता येईल.